हाऊजी चालते, मग आमचा फासाच का खटकतो?

मुंबईतल्या नौदल आणि लष्करी तळांवरचे कमांडिंग ऑफिसर, एक्सओ (एक्झिक्युटिव्ह ऑफिसर) आणि वेल्फेअरचं काम पाहणारे अधिकारी यांना खुलं पत्र

जय हिंद साहेब,

मी नौदलातून निवृत्त झालेला पेटी ऑफिसर. सेवेत असताना असं जाहीर पत्र लिहिणं नियमात बसत नव्हतं, आणि तो नियम योग्यच आहे. आता पेन्शनर आहे, डोंबिवलीत राहतो, म्हणून लिहितोय. मागणी छोटी आहे, ती आधीच सांगून टाकतो. जहाजांवरच्या आणि बराकींतल्या करमणुकीच्या खोल्यांत कॅरम, बुद्धिबळ, पत्ते, हाऊजी (म्हणजे तंबोला) यांना जशी परवानगी आहे, तशी टेबलटॉप रोल-प्लेइंग गेमला लेखी द्या. तोंडी परवानगी आम्हाला अनेकदा मिळाली. ती देणाऱ्या साहेबांची बदली झाली की दुसऱ्या दिवशी वह्या लॉकरच्या तळाशी जातात, आणि नवे साहेब कसे आहेत याचा अंदाज घेण्यात सहा महिने निघतात.

तरुण अधिकाऱ्यांना ‘डी अँड डी’, म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, म्हटलं की कळेल. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण गोष्ट चालवतो. बाहेर त्याला डीएम (डंजन मास्टर) म्हणतात, आम्ही मेसमध्ये पंच म्हणायचो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. समोर काय दिसतंय ते पंच सांगतो, आपण काय करतोय ते खेळाडू सांगतात. जिथे जमेल की नाही याची खात्री नसते तिथे फासा पडतो. भिंत चढता आली का, पहारेकऱ्याने थाप ओळखली का, ऐन वेळी वल्हं मोडलं का, असले प्रश्न तो सोडवतो. पट नसला तरी चालतं. कोणी जिंकत नाही, त्यामुळे पैसे लावायला जागाच नाही. आज जिथे गोष्ट थांबली, तिथूनच पुढच्या ड्यूटीच्या रात्री सुरू.

फासा म्हटलं की आपल्याकडे आधी शकुनी आठवतो, हे मी समजू शकतो. एका जहाजावर (नाव लिहीत नाही, लिहायची गरजही नाही) आमचे फासे जप्त झाले ते जुगाराचं साहित्य म्हणून. त्याच आठवड्यात त्याच जहाजाचा बडाखाना, म्हणजे सगळ्यांचं एकत्र जेवण, होता आणि बडाखान्यात हाऊजी झाली. तिकिटाला पैसे, पहिल्या पाचाला पैसे, फुल हाऊसला पैसे, आणि माइक हातात धरून आकडे पुकारायला खुद्द एक साहेब. हाऊजीवर माझा राग नाही. तिच्याशिवाय सर्व्हिसमध्ये बडाखाना होत नाही, आणि आमच्या मंडळींनी तिच्यात जिंकलेला कुकर अजून शिट्ट्या देतोय. पण पैसे लावून खेळलेला निव्वळ नशिबाचा खेळ वेल्फेअरमध्ये बसतो आणि दमडी न लावता खेळलेला आमचा खेळ जुगार ठरतो, हे गणित मला तेव्हाही सुटलं नाही, आजही नाही.

फासे गेल्यावर आम्ही हाऊजीच्याच पिशवीतल्या एक ते वीस आकड्यांच्या गोट्या वेगळ्या काढल्या. वीस बाजूंच्या फाशाचं काम त्या चोख करतात. हात घालायचा, एक गोटी काढायची, आकडा मोठ्याने वाचायचा, गोटी परत पिशवीत. सेलिंगमध्ये तर हे फाशापेक्षा बरं. पावसाळी समुद्रात जहाज लोळायला लागलं की फासा टेबलावरून घरंगळत थेट बंकखाली जातो, आणि त्याला शोधायला रांगत गेलेला माणूस येताना टेंगूळ घेऊन येतो. पुढे नवे फासे मिळाले तेव्हा आम्ही ते पारदर्शक झाकणाच्या डब्यात ठेवायला लागलो. डबा हलवायचा, टेबलावर आपटायचा, वरून वाचायचं.

आमची सगळ्यात लांबलेली गोष्ट खांदेरीची. १६७९ सालचा पावसाळा सरता सरता महाराजांच्या माणसांनी मुंबईच्या तोंडाशी असलेल्या त्या बेटावर तट बांधायला घेतला. बेटावर मायनाक भंडारी, मदतीला दौलतखानाचं आरमार, आणि वाट अडवायला मुंबईकर इंग्रजांची ‘रिव्हेंज’ आणि तिच्या बरोबरची गलबतं. दिवसा त्यांच्या तोफा भारी पडत. रात्री समोरच्या किनाऱ्यावरच्या थळच्या बाजूने लहान होड्या सामान आणि माणसं घेऊन निसटून जात. ऑक्टोबरातल्या झुंजीत इंग्रजांचं ‘डोव्हर’ मराठ्यांनी पकडलं. मेसमधल्या प्रत्येकाने खांदेरी बेट बंदरातून बाहेर पडताना पाहिलेलं, आणि २०१९ मध्ये तर त्याच नावाची पाणबुडी मुंबईतच नौदलात दाखल झाली, त्यामुळे विषयाला कोणी नाही म्हटलं नाही. नियम एकच कडक होता. महाराज पात्र म्हणून येणार नाहीत. त्यांचा हुकूम येईल, हरकारा येईल. त्यांच्या तोंडी आमची वाक्यं घालायची नाहीत. हे कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

आमचा कुक मालवणचा, जन्म होडीत गेलेला; त्याने मुद्दाम पाण्याला घाबरणारा घाटावरचा पाथरवट घेतला. मेडिकल असिस्टंट मल्याळी, तो सिद्दीकडून फुटून आलेला गोलंदाज झाला. मेसमधले वरिष्ठ, चीफ पेटी ऑफिसर, म्हणजे आमचे चीफ, ते वल्हेकरी. आणि ट्रेनिंग संपवून नुकतंच आलेलं लातूरकडचं एक पोरगं, ज्याने समुद्र पहिल्यांदा नौदलातच पाहिला, ते होडीचं तांडेल, म्हणजे होडीवरचं प्रमुख. चिठ्ठ्याच तशा निघाल्या होत्या.

काळोखी रात्र, होडीत कळीच्या चुन्याची पोती. मी पंच होतो. म्हटलं, ‘उत्तरेला कंदील दिसतोय. एक नाही, दोन.’ पोरगं गप्प. ते एरवीही गप्पच असायचं. त्याचा मेसमधला सगळा शब्दसंग्रह ‘यस चीफ’ आणि ‘नो चीफ’. चीफनी सवयीने सुरुवात केली, ‘सगळ्यांनी आधी...’ मी थांबवलं. ‘तुम्ही वल्ह्यावर आहात चीफ. हुकूम तांडेल देणार.’ टेबलावर अशी शांतता की व्हेंटिलेशनचा आवाज ऐकू यायला लागला. मग पोरगं हळूच म्हणालं, ‘कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की तो फसफसतो ना?’ गावाकडे त्याने चुन्याची भट्टी पाहिली होती. ‘मागच्या पडावात एक पोतं ठेवू. वर पाणी ओतू आणि पडाव सोडून देऊ.’ कुक म्हणाला, ‘अरे, काळोखात वाफ कोणाला दिसणार?’ ‘दिसायला नकोच,’ पोरगं म्हणालं, ‘आवाज येईल. ते आवाजाकडे वळतील. आपण वल्ही उचलून गप बसायचं.’

आता याला नियमांच्या पुस्तकात काही उत्तर नव्हतं. मी ठरवलं, चौदा किंवा वर आलं तर जमलं. पिशवीत हात चीफनी घातला. सतरा. होडी निघून गेली आणि मेसमध्ये एवढा गलका झाला की ड्यूटीवरचा माणूस दार उघडून बघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या हजेरीला, फॉल-इनला, चीफ चीफच होते आणि पोरगं परत ‘यस चीफ’वर आलं होतं. खेळाने त्याचं आयुष्य बदललं असं काही मी सांगणार नाही. मला तसं दिसलं नाही. पण खेळात हुकूम मानला म्हणून चीफची पट्टी सैल झाली, असंही दिसलं नाही. ‘खेळाच्या टेबलावर रँक विसरली की डेकवरही विसरतील,’ ही शंका मी अनेक साहेबांच्या तोंडून ऐकलीय. त्यावर खाली बोलतो, कारण खरा मुद्दा तोच आहे.

आधी वहीचा किस्सा. पुढच्या एका जहाजावर लॉकर राउंडला खांदेरीची वही निघाली. तीत बेटाचा नकाशा, शत्रूच्या गलबतांच्या जागा, रात्रीच्या फेऱ्यांच्या वेळा, सगळं पेन्सिलीने, सुबक. ‘ही रिव्हेंज कुठल्या देशाची?’ असं मला अत्यंत गंभीर चेहऱ्याने विचारलं गेलं आणि ‘इंग्रजांची सर, १६७९ची’ हे उत्तर मी तितक्याच गंभीरपणे दिलं. डिफॉल्टरच्या टेबलापुढे, म्हणजे शिस्तभंगाच्या सुनावणीला, टोपी काढून उभं राहिलो, ताकीद मिळाली, वही परत आली नाही. विचारणाऱ्यांना मी दोष देत नाही. नौसैनिकाच्या लॉकरमध्ये हाताने काढलेला सागरी नकाशा सापडला आणि कोणी विचारलंच नाही, तर ती जास्त काळजीची गोष्ट. माझं म्हणणं इतकंच की तेव्हा या खेळाचं नाव कुठल्या यादीत असतं तर वही लॉकरमध्ये लपवावी लागली नसती. ती रिक्रिएशन रूमच्या कपाटात उघड्यावर असती.

हे परदेशी कॉलेजच्या पोरांचं, ड्रॅगन आणि चेटकिणींचं खूळ आहे, फौजेचा त्याच्याशी काय संबंध, असं विचारलं जातं. संबंध सरळ आहे. या खेळाचा आजोबा फौजेतच जन्मला.

१८१२ साली प्रशियात राइसविट्झ नावाच्या माणसाने राजाला टेबलावरचा एक युद्धखेळ दाखवला. त्याच्या मुलाने, जो तोफखान्यात लेफ्टनंट होता, १८२४ मध्ये त्याचे नियम छापले. दोन बाजूंचे खेळाडू आपले हुकूम लिहून पंचाकडे देत. कोणाला काय दिसतं तेवढंच पंच नकाशावर मांडी, आणि चकमकीचा निकाल फाशावर लागे. तिथल्या जनरल स्टाफच्या प्रमुखांनी तो पाहून सैन्यात शिफारस केली. पुढे अधिकाऱ्यांना नियमांचे तक्ते जड वाटायला लागले. १८७६ मध्ये व्हर्डी दु व्हर्नुआ या जनरलने मांडलं की तक्ते बाजूला ठेवा, अनुभवी पंचाच्या निर्णयावर खेळ चालवा. चुन्याच्या पोत्याचा निकाल मी ज्या अधिकारात दिला, तो तिथून आलेला.

अमेरिकी सैन्यातला टॉटन नावाचा एक लेफ्टनंट होता, त्याने १८८० मध्ये ‘स्ट्रॅटेगोस’ नावाचा युद्धखेळ छापला. जवळपास नव्वद वर्षांनी मिनेसोटातल्या डेव्हिड वेसली या तरुणाच्या हाती तो लागला. १९६९ मध्ये वेसलीने नेपोलियनच्या काळातल्या ब्राउनस्टाइन नावाच्या काल्पनिक जर्मन गावावर खेळ मांडला. सैन्याचे सेनापती तर होतेच, पण गावाचा महापौर, सावकार, विद्यापीठाचा कुलगुरू अशाही भूमिका त्याने वाटल्या. खेळाडू पंचाला न विचारता आपापसांत कट करत सुटले. वेसलीला वाटलं, खेळ फसला. खेळाडूंना तो इतका आवडला की ते पुन्हा मागायला लागले. हा वेसली अमेरिकी आर्मी रिझर्व्हमध्ये होता. १९७० मध्ये त्याला प्रत्यक्ष सेवेचं बोलावणं आलं आणि टेबल त्याचा मित्र डेव्ह आर्नेसन चालवायला लागला. आर्नेसनने गॅरी गायगॅक्सबरोबर मिळून १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ छापलं. म्हणजे पंच ड्यूटीवर निघून गेला म्हणून दुसऱ्याने वही उचलली आणि हा खेळ झाला. बदलीमुळे मोडलेली टेबलं आम्ही पुष्कळ पाहिली. बदलीमुळे झालेलं टेबल हे एकच.

(पाश्चात्त्यांनी आपल्याकडून नेलं तेही सांगून टाकतो. आपल्या पचिसीवरून इंग्लंडात १८९६ला लुडोचं पेटंट घेतलं गेलं, आणि त्याच घराण्यातला ‘अकर्स’ हा खेळ ब्रिटिश नौदलाच्या मेसमध्ये आजही हिरिरीने खेळला जातो. सोंगट्या फौजेला कधी वर्ज्य नव्हत्या.)

आता रँकचा मुद्दा. १९४२च्या मे महिन्यात पॅसिफिक महासागरातल्या मिडवे बेटाच्या मोहिमेआधी जपानी नौदलाने ‘यामातो’ या युद्धनौकेवर टेबलावर सराव केला. अमेरिकी बॉम्बफेकीचा निकाल फाशाने लावला, तेव्हा जपानी विमानवाहू जहाजांवर नऊ बॉम्ब लागले. सरावाचे प्रमुख होते ॲडमिरल उगाकी. त्यांनी नऊचे तीन करा म्हणून सांगितलं. तरीही ‘कागा’ बुडाली होती, ती पुढच्या टप्प्यात पुन्हा तरंगवली. हे लिहून ठेवणाऱ्यांत फासा टाकणारा जपानी अधिकारी स्वतः आहे. त्या बदलाला किती महत्त्व द्यायचं यावर इतिहासकारांत वाद आहे, तो मला मान्य. पण जूनमध्ये प्रत्यक्ष मिडवेला ‘आकागी’, ‘कागा’, ‘सोर्यू’ आणि ‘हिर्यू’ ही चारही विमानवाहू जहाजं बुडाली. त्या खोलीत फाशापुढे ज्युनिअर अधिकारी उभा होता आणि आकडा बदलणारा ॲडमिरल होता. कोण काय बोलणार?

त्याच वर्षी लिव्हरपूलमध्ये उलटं घडत होतं. अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्या व्यापारी काफिल्यांची कत्तल करत होत्या. क्षयामुळे नौदलातून घरी बसवलेले गिल्बर्ट रॉबर्ट्स यांना परत बोलावून एक छोटी युनिट दिली गेली. जमिनीवर चौकोन आखलेले, त्यावर खडूने जहाजांच्या वाटा, बाजूला कापडी पडदे. प्रत्यक्ष समुद्रात जेवढं दिसेल तेवढंच दिसावं म्हणून एस्कॉर्ट जहाजांच्या कॅप्टनांना पडद्याच्या फटीतून बघायला लावत. खेळ चालवणाऱ्या बहुतेक नौदलाच्या महिला शाखेतल्या, विशीतल्या मुली. पाणबुडी काफिल्याच्या आत शिरून मारा करते, हे रॉबर्ट्स आणि त्या मुलींनी खेळून शोधलं आणि त्यावरचा डाव तिथेच बसवला. मॅक्स हॉर्टन हे ॲडमिरल, स्वतः पहिल्या महायुद्धातले नावाजलेले पाणबुडीवाले, एकदा पाणबुडीच्या बाजूने खेळायला बसले आणि समोरच्या बाजूने पुन्हा पुन्हा बुडवले गेले. समोर कोण आहे विचारलं, तर जेनेट ओकेल नावाची तरुण मुलगी. ॲडमिरल चिडले म्हणतात. पण आकडा कोणी बदलला नाही, आणि युनिट युद्ध संपेपर्यंत चालू राहिली.

साहेब, हे आपल्याला मी शिकवावं असं नाही. आपल्या नौदलाने १९८८ साली करंजाला कॉलेज ऑफ नेव्हल वॉरफेअर काढलं, पुढे ते गोव्याला गेलं. तिथे अधिकारी युद्धखेळ खेळतात. लष्करात सँड मॉडेलभोवती, म्हणजे वाळूत मांडलेल्या रणभूमीभोवती, उभं राहून ‘आता शत्रू इकडून आला, तुम्ही काय कराल?’ विचारतात, आणि फौज न हलवता डावपेचांचा सराव, म्हणजे टीईडब्ल्यूटी, करतात. तेही एका अर्थी रोल-प्लेच, फक्त त्यात जेवणाची सुट्टी वेळेवर होते. माझं म्हणणं असं की ही सवय अधिकाऱ्यांच्या कोर्सपुरती ठेवायचं कारण नाही. खालच्या डेकवर बसलेल्या माणसालाही ‘समोर हे आहे, माझ्याकडे एवढंच आहे, आता काय?’ हा प्रश्न रात्री हसत-खेळत पडू द्या. अधिकाऱ्यांनी सेलर मेसमध्ये येऊन बसावं अशी माझी मागणी नाही. मेस वेगवेगळे आहेत, ते तसेच राहोत. एकाच मेसमध्येही चीफपासून नव्या पोरापर्यंत उतरंड पुरेशी असते. तिथे दोन तास निर्णय तांडेलाचा आणि निकाल फाशाचा चालला, तर सकाळच्या फॉल-इनला काही होत नाही. आम्ही पाहिलंय.

फोनचा मुद्दा वेगळा लिहितो, कारण तो आताचा आहे. २०१९च्या डिसेंबरात नौदलाने जहाजांवर आणि तळांवर स्मार्टफोन आणि फेसबुकला बंदी घातली. २०२०च्या जुलैत लष्कराने जवानांना ८९ ॲप काढून टाकायला सांगितली, पब्जी त्यात होतं. हेरगिरीची प्रकरणं पाहता हे करावंच लागणार होतं. २०२१ मध्ये एका कॉम्प्युटर रणगाडा-खेळाच्या चाहत्यांत वाद झाला आणि आपलं खरं करायला कोणीतरी ब्रिटिश रणगाड्याची कागदपत्रं इंटरनेटवर टाकली. २०२३ मध्ये अमेरिकी एअर नॅशनल गार्डमधला एक पोरगा गेमिंग मित्रांच्या चॅटमध्ये गोपनीय कागद टाकत होता म्हणून पकडला गेला. दोन्हीकडे धोका समोर न दिसणाऱ्या अनोळखी माणसांशी बोलण्यात होता. आमच्या टेबलावरचे पाचही जण एकाच गँगवेने चढलेले, एकाच मेसमध्ये जेवणारे. कागद, पेन्सिल, फासा, आणि ॲप एकही नाही. फोन काढून घेतल्यावर पोरांच्या हातात द्यायला आपल्याकडे काय आहे, हा प्रश्न प्रत्येक वेल्फेअर मीटिंगमध्ये येतो. कॅरमवर चौघे खेळतात आणि बाकीचे बघतात. टीव्हीचा रिमोट एकाकडे असतो. त्यात हे एक टेबल वाढवा.

विरोधातलं जे मला माहीत आहे तेही लपवत नाही. २००५ साली इस्रायलमध्ये बातमी आली होती की तिथलं सैन्य हा खेळ खेळणाऱ्यांना सुरक्षेच्या दर्जात खाली ठेवतं, कारण ते म्हणे वास्तवापासून तुटलेले आणि लवकर कोणाच्या प्रभावाखाली येणारे असतात. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत काही पालक आणि पाद्री याला सैतानाचा खेळ म्हणत होते. इस्रायली साहेबांनी कोणाला पाहून ते मत बनवलं असेल सांगता येत नाही. आमच्या टेबलावरचा मेडिकल असिस्टंट तर वास्तवाला इतका चिकटलेला की सिद्दीच्या तोफेने जखमी झालेल्या पाथरवटाला तो खरोखरची ड्रेसिंगची पद्धत समजावत बसायचा आणि गोष्ट अर्धा तास अडायची. उलट उदाहरणही आहे. २००७च्या जूनमध्ये इराकमधल्या अमेरिकी तळावर, उर शहराच्या प्राचीन झिगुरातच्या (पायऱ्यापायऱ्यांच्या मंदिराच्या) शेजारी, जवानांनी या खेळांचा मेळावा भरवला. फासे आणि पुस्तकं कमी पडत होती. खेळ बनवणाऱ्या कंपन्यांनी आणि लोकांनी घरून पाठवली. तळाच्या कमांडने परवानगी दिली होती, लपूनछपून काही नव्हतं.

एक आक्षेप मात्र मी स्वतः घेतो. हा खेळ वेळ खातो. ‘आणखी एक खोली बघू आणि झोपू’ म्हणता म्हणता मिडल वॉचची (मध्यरात्रीनंतरच्या पहाऱ्याची) वेळ होते, आणि वॉचवर डुलक्या घेणारा माणूस कुठल्याही कारणाने डुलत असो, धोकादायकच. म्हणून आमच्याकडे पंचाने वेळ संपली म्हटलं की संपली. आदेशातही वेळ लिहा. पाइप-डाउनच्या, म्हणजे झोपायच्या वेळेच्या, आधी टेबल उठलं पाहिजे, आणि ज्याला मिडल वॉच आहे त्याने त्या रात्री बसायचं नाही.

बाकी अटी आपणच घालाल, तरी सुचवतो. वही एकच, पानांवर क्रमांक आणि शिक्का मारून दिलेली, रिक्रिएशन रूमच्या कपाटात. कोणत्याही राउंडला कोणीही उघडून पाहावी. गोष्ट आजच्या काळातली नको. आजचं जहाज, आजचं बंदर, आजचं शस्त्र, सेवेतल्या कोणाचं नाव, काही नको. १६७९ चालेल, परीकथा चालेल, मंगळावरचा समुद्र चालेल. पैसे, पैज, सिगारेटचं पाकीट, काहीही लावायचं नाही. धर्म आणि दैवतं टेबलाबाहेर. पंच कोण, ते मेसने ठरवावं, पट्टीने नाही.

खर्चाची काळजी नको. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या नियमांचा गाभा २०२३च्या जानेवारीत क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यात खुला झालाय. श्रेय दिलं की तो छापायला, मराठीत-हिंदीत उतरवायला कोणाची मनाई नाही. एका चांगल्या कॅरम बोर्डाच्या किमतीत दोन-तीन मेसचे फासे येतात. आणि फासे नाही आले, तर हाऊजीची पिशवी प्रत्येक वेल्फेअर स्टोअरमध्ये आहेच.

मला आता खेळायला जागा शोधावी लागत नाही. अंधेरीच्या एका कॅफेत आयटीतल्या पोरांबरोबर बसतो. तासाच्या हिशेबाने पैसे देतो, कॉफी वेगळी. परतीच्या शेवटच्या लोकलची चिंता सोडली तर छान चालतं. ती पोरं मला विचारतात, नेव्हीत काय करायचात, आणि मी खांदेरी सांगतो. पण तळांवर आज जी विशी-पंचविशीतली मुलं आहेत त्यांच्यातली काही भरतीच्या आधीच हा खेळ शिकून येतायत. मला ती भेटतात. ट्रंकेत पायमोज्यांच्या आत फाशांचं पाकीट घालून आणतात आणि पहिल्या राउंडच्या भीतीने घरी परत पाठवतात.

आपल्यापैकी कोणाला हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर मी येईन. रविवार सोयीचा. दोन तास, पाच खुर्च्या आणि एक टेबल पुरे. वह्या आणि फासे माझे. पेन्शनर असल्यामुळे गेट पास आधी काढावा लागेल, आणि फाशांची यादी गेटवर लिहून देईन, म्हणजे बाहेर पडताना ती मोजून घेता येईल.

आपला,
एक निवृत्त पेटी ऑफिसर
डोंबिवली